पुण्याची गाडी आन पुढच्या सीटवर तिचे बाबा

आज सकाळी शेलूबाजारहून पुण्यासाठी ड्रायव्हरसकट अख्खी गाडी केली. जिच्यावर जीव हाय, ती तिथं नोकरीले हाय. लग्नाचं तिले समोरासमोर विचारायचं होतं.

पण आमच्याकडं कोणी गाडी केली की गावभर होते. आधी कोणाच्या पुण्यातल्या पोरासाठी लोणच्याची बरणी आली, मग डाळीचं पोतं, मग तिचेच बाबा. "रिकामीच चालली ना बे? मले पोरीकडं सोड," म्हणत पुढं बसले.

डोकं सणकलं. ड्रायव्हर म्हणे, "बुकिंग तुही, तूच उतरव त्याईले."

आता जालन्याजवळ चहाले थांबलो. तिचे बाबा विचारून राह्यले, "कॉलेज सोडलं, मंग पुण्यात तुहं काय काम?"

तुमी असते तं खोटं बोलले असते का? मी खोटं नाही बोलत. चहा संपला की खरं सांगतो. भडकले तं भडकले, पुण्यापर्यंत दोघाईले गाडी एकच हाय.