सुपात मांडलेला रेडिओ

पगाराच्या जागी माणूस साहेबाला भितो. आमच्या रेडिओवर पगारच न्हाई, म्हणून कुणी कुणाला भित न्हाई, आन म्हणूनच तिथं किस्से लई. रोज झाडून काढावेत आन दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढेच साचलेले. मला लिहिता-वाचता येत न्हाई, पण एकदा कानावर पडलेलं मी विसरत न्हाई. नातीला म्हणलं, मी सांगते तसं लिही, मधी तुझं शहाणपण घालू नको.

रेडिओ आमच्या गावचाच. भोकरदनच्या रस्त्याला सोसायटीचं जुनं गोदाम आहे, त्यातल्या दोन खोल्या. दहा-बारा खेड्यांत ऐकू जातो. पिंपळगाव रेणुकाईच्या अलीकडंच खरखर सुरू होती. चालवणारे आम्ही पाच जण, सगळे हौशी. देशमुख सर रिटायर हेडमास्तर, ते प्रमुख. गंगाधर कंडक्टर एसटीतून रिटायर, ते सकाळी गाड्यांच्या वेळा आन बाजारभाव सांगतात. भिकनराव शेतीचं सांगतात. नंदा शिवणकामाचं सांगती. मी चार वाजता गोष्टी सांगते.

पाच जणांचं भांडण एकाच गोष्टीचं. कोण किती वाजता?

*

सरांनी पांढरा फळा लावलेला. त्यावर टाइमटेबल. भांडण झालं की पुसायचं, नवं लिहायचं. पुसून पुसून फळा निळा पडला. मी कुणाला विचारावं, "आज माझं कवा?" तर तो आपल्या सोयीचं सांगायचा. एकदा कंडक्टरांचं ऐकून तीनला आले आन तासभर भिंतीकडं बघत बसले.

मंग एक दिवस घरून सूप नेलं. टेबलावर ठेवलं. डाव्या हाताला सकाळ, उजव्या हाताला संध्याकाळ. कंडक्टरांचं एक जुनं तिकीट, भिकनरावांचे चार शेंगदाणे, नंदाचं एक बटण, माझी सुपारी आन सरांच्या परीक्षेच्या कार्यक्रमाला खडू. ज्याची जशी वेळ, तशी त्याची वस्तू.

सर हसले. "आजी, ही काय भातुकली मांडली?"

आठ दिवसांनी बघते तर सर फळ्याकडं पाठ करून सुपात बघून राह्यले होते. मंग त्यांनीच ठरवून टाकलं, सुपाला कौसाआजीशिवाय कुणी हात लावायचा न्हाई.

*

नियम करणाऱ्यानंच पहिल्यांदा मोडला. सर फोनवर बोलत होते. बोलता बोलता हात सुपात. मी आले, सूप बघितलं आन भिकनरावांना म्हणलं, "आज तुमचं न्हाई."

"न्हाई कसं? मी सायकल मारत आलोय, माय."

"सुपात न्हाई."

सरांचं तोंड अजून हलून राह्यलं होतं. भिकनरावांनी त्यांच्याकडं बघितलं. म्हणले, "सर, कापायचा तर कार्यक्रम कापायचा. चावून का खाल्ला?"

तेव्हापासून शेतीला सरकी ठेवते. सरकी म्हशीशिवाय कुणी खात न्हाई, आन म्हैस स्टुडिओत येत न्हाई.

*

भिकनरावांचं दुखणं वेगळंच. विहिरीवरच्या मोटारीची लाईट एक आठवडा दिवसा, पुढचा हप्ता रात्री. रात्रीच्या हप्त्यात शेतकरी रात्रभर पाणी देतो आन दिवसा झोपतो. म्हणून ते म्हणायचे, लाईटीबरोबर माझी वेळ बदला.

सर म्हणले, "अहो, हा रेडिओ आहे का मोटार?"

"ऐकणारा मोटारीपाशी, सर. रेडिओ तिथंच पोचला पायजे."

बराबर होतं. बदलली वेळ. पण लाईटवाल्यांनी न सांगता दिवसाची पाळी फिरवून रात्रीची केली. भिकनराव भर सकाळी दहाला माईकवर जोरात सुरू, "उठा शेतकरी बंधूंनो, जल्दी करा..." तेवढ्यात फोन आला. सरांनी तो तसाच रेडिओवर जोडला. फोनवर भिकनरावांचीच बायको.

"अहो, हळू बोला जरा. भाऊजी रात्रभर पाणी देऊन आत्ताच झोपलेत."

दहा-बारा खेड्यांनी ऐकलं. भिकनराव पुढचा अर्धा तास कुजबुजत बोलले.

*

कंडक्टरांकडं पितळी घंटी आहे. एसटीचा कायदा त्यांनी रेडिओला लावला. डबल दिली की सोडा, सिंगल दिली की थांबवा. आपला कार्यक्रम ते डबल देऊनच सुरू करतात.

एकदा बोंडअळीवर भिकनराव जे लागले ते थांबेचनात. वेळ संपली, वर पाच मिनिटं झाली, दहा झाली. कंडक्टर बाजूला बसलेले. त्यांनी माईकपाशी घंटी नेली आन एक टोला दिला. टिंग.

भिकनराव अर्ध्या वाक्यात थांबले. सगळ्या खेड्यांत शांतता. मंग रेडिओवरूनच त्यांचा आवाज आला, "कंडक्टर, अळीचा स्टॉप अजून आला न्हाई. डबल द्या."

*

आता नंदाचं सांगते. माझ्याच गल्लीत राहती. तिची सासू धुरपता माझ्या वयाची, आम्ही दोघी एकाच साली लग्न होऊन या गावात आल्तो. धुरपताचा कारभार कडक. सुनेनं बाहेर पडायचं ते शिवणाच्या क्लासला, दोन ते तीन, बास. त्या वेळी धुरपता जेवून आडवी होती.

तो क्लास केव्हाच बंद पडला. नंदा येती रेडिओवर. 'सुई-दोरा' तिच्या कार्यक्रमाचं नाव. बाया फोन करतात, ती लगेच उत्तर देती, म्हणून आधी भरून ठेवता येत न्हाई. स्वतःचं नाव सांगत न्हाई, 'तुमची मैत्रीण' म्हणती. अख्ख्या गावाला माहीत. धुरपताला कुणी सांगत न्हाई. आन गंमत ही, की धुरपता आडवी होती ती उशाला रेडिओ लावून.

तुम्ही म्हणाल, सासूला आवाज ओळखू येत न्हाई का? तर घरात नंदाचा आवाज निघतोच कुठं? 'हो', 'आले', 'ठेवलंय'. तीन शब्दांवरून काय ओळखायचं? रेडिओवर मात्र तिचं बोलणं असं, की नव्या कापडात कात्री चालावी.

एकदा गिरणीवर धुरपता भेटली. म्हणली, "कौसा, ती दोनची बाई कोण गं? लई नीट बोलती. मी आमच्या नंदाला म्हणलं, तिच्याकडून शीक जरा."

"मंग नंदा काय म्हणली?"

"काय म्हणणार? 'हो' म्हणली."

*

मंग एक दिवस फोन वाजला. नंदा माईकवर, मी शेजारी बसलेली. आवाज ऐकला आन माझ्या हातातली सुपारी खाली पडली.

"बाई, माझा परकर घोट्यापाशी उसवलाय. मला सुईत दोरा दिसत न्हाई. काय करू?"

धुरपताच. नंदा पांढरी पडली. पण आवाज हलू दिला न्हाई. "मावशी, घरात सून असंल की. तिला सांगा."

"तिला सांगितलं असतं. दोन ते तीन ती क्लासला असती."

"मंग आल्यावर सांगा, मावशी. उलट्या टाक्यानं शिवायला सांगा, पुन्हा उसवणार न्हाई."

"बरं."

नंदा घरी गेली तर तिच्या मशीनवर परकर घडी करून ठेवलेला. कसा शिवायचा ते धुरपतानं सांगितलं न्हाई. नंदानं उलट्या टाक्यानं शिवून दिला. नंदा मला म्हणली, "आजी, त्यांना कळलंय का?" मी काय सांगू? मला स्वतःलाच ते कोडं. धुरपताच्या चेहऱ्यावरून काही कळत असतं, तर आमचं निम्मं गाव सुखी झालं असतं.

*

गेल्या हिवाळ्यात भिकनराव दोनच्या वेळेवर अडून बसले. म्हणले, दिवसाची लाईट आहे, मला दोन पायजे. खरी गोष्ट वेगळी होती. दोनला घरोघरी रेडिओ चालू असतो. तो चालू असतो नंदामुळं, पण हे कोण बोलणार?

सरांनी मिटिंग घेतली. कंडक्टर भिकनरावांच्या बाजूनं. शेवटी सर म्हणले, "सोमवारपासून दोनला शेती, पाचला सुई-दोरा."

नंदा म्हणली, "पाचला मला जमणार न्हाई, सर."

"थोडं इकडंतिकडं करून बघा."

पाचला म्हशीची धार असती, चूल असती, आन धुरपता जागी असती. मी माझी चारची वेळ देऊ केली, पण चारलाही तेच. नंदा उठली. "मंग मी थांबते," म्हणली. भिकनराव चपला शोधायला लागले, चपला त्यांच्या पायातच होत्या.

बटण मलाच हलवावं लागलं. माझ्या सुपारीच्या पलीकडं, पाचच्या जागी ठेवलं. तिथं कुणी येणार नव्हतं हे मला माहीत होतं. रेडिओ सुटला की नंदाला पुन्हा तेच तीन शब्द.

सोमवारी नंदा घरीच राह्यली. सासूला म्हणली, क्लासला सुट्टी आहे. धुरपता रेडिओ उशाला घेऊन आडवी झाली, तर रेडिओतून भिकनराव निघाले. तिनं कान पिळून रेडिओ बंद केला आन आढ्याकडं बघत पडून राह्यली. नंदानं समोर बसून तीन पायल्या तूर निवडली. ती तूर कालच निवडून झाल्ती.

मंगळवारी दोनला पंधरा मिनिटं असतील. आम्ही चौघं रेडिओवर. दारात काठी वाजली. धुरपता. मागं डोक्यावरचा पदर दातात धरून नंदा.

"या, मावशी," सर उठून उभे राह्यले.

"उन्हाचं एकटीला येववत न्हाई, म्हणून हिला संगं आणलं," धुरपता म्हणली. खुर्चीवर बसली न्हाई. खोलीभर नजर फिरवली. फळ्याकडं बघितलंच न्हाई, तिलाही माझ्यासारखंच वाचता येत न्हाई. टेबलापाशी आली. सूप बघितलं. मी तिला वस्तू कशा मांडल्यात ते सांगितलं, डावीकडं सकाळ, उजवीकडं संध्याकाळ, इथं दोन, इथं पाच. एवढंच सांगितलं.

तिनं सरकीवर बोट ठेवलं. "ही कुणाची?"

"माझी," भिकनराव म्हणले.

"एकला ठेव. शेतकरी एकला बांधावर भाकर खातो, तेव्हा त्याला ऐकायला सवड असती. दोनला तो लिंबाखाली घोरतो. मी पन्नास वर्षं भाकर नेलीय शेतात."

भिकनरावांनी मान हलवली. "खरं हाय, माय."

तिनं सरकी उचलून एकच्या जागी ठेवली. मी म्हणणार होते, धुरपता, सुपाला हात लावायचा न्हाई. म्हणले न्हाई. तिचा हात माझी सुपारी ओलांडून गेला. तिनं बटण उचललं. ते कुणाचं, हे विचारलं न्हाई. लुगड्याला पुसलं आन दोनच्या जागी ठेवलं.

मंग काठी घेऊन दाराकडं वळली. नंदा तिच्यामागं निघाली, तशी धुरपता थांबली.

"तू कुठं निघालीस? मी जाती घरी, आडवी होती. तू क्लास करून ये."

गेली. उन्हात तिची काठी लांबपर्यंत ऐकू येत होती. नंदा माईकपुढं बसली. कंडक्टरांनी घड्याळ बघितलं, घंटी उचलली आन डबल दिली.