वखारवाल्यांचं रिकामं पान

“पान कोरं गेलं तर लोक म्हणतील, संपादकाचं डोकंच कोरं,” संपादक साहेब म्हणाले. ते आमचे फोरमन वामनकाका यांच्या स्टुलावर बसले होते आणि काका उभे होते. मशीनमन हात पुसत दारात थांबला होता. दिवाळी अंकाचा शेवटचा फर्मा, म्हणजे मशीनवर एकदम चढणारी पानं, तयार होता. फक्त एका पानाच्या जागी भोक होतं.

त्या पानावर लकडगंजातल्या एका लाकडाच्या वखारीची जाहिरात यायची होती. वखार दोन भावांची. कोणाचं नाव वर घ्यायचं यावरून सकाळी दोघांचं फाटलं, आणि दोघांनीही जाहिरात मागे घेतली. रागाच्या भरात का होईना, एका गोष्टीवर भावांचं एकमत झालं.

मी या छापखान्यात जुळारी, तेव्हाही आणि आजही. शिशाचे खिळे, म्हणजे सुटी अक्षरं, उचलून स्टिकमध्ये ओळ जुळवायची. स्टिक म्हणजे हातात मावणारी लोखंडी पट्टी, ओळीच्या रुंदीची. ओळी झाल्या की गॅलीत, म्हणजे लांबट ताटात, मांडायच्या. छापून झालं की तेच खिळे ओले करून सोडायचे आणि केसमधल्या, म्हणजे खणांच्या उंच लाकडी मांडणीतल्या, आपापल्या खणात परत टाकायचे. महाल वस्तीत आमच्या घरी माग होता. तो बंद पडला आणि मी इथे लागले. शाळा चौथीपर्यंत. केसच्या आड उभं राहिलं की मी कोणाला दिसत नसे. मला ते फार सोयीचं होतं.

आमच्याकडे एक रीत होती. लेख संपला आणि पानाच्या शेपटीला जागा उरली, की तिथे नक्षीचं फूल लावायचं. पण आमच्याकडे फुलंच थोडी. ती संपली की काका म्हणत, “टाक वं इंदू, काही तरी चार ओळी.” मग मी नळावर ऐकलेलं काही जुळवून टाकत असे. कागदावर न लिहिता, थेट स्टिकमध्ये. साहेबांना वाटे, ते काकांचं आहे. म्हणून आता ते काकांकडे वळले.

“वामनराव, ते नळावरचं तुमचं आणखी थोडं द्या ना. पानभर!”

काका हसले. “मले लिहिता आलं असतं तर इथं शिसं खात बसलो असतो का, साहेब? हे सारं इंदूचं आहे.”

साहेब उठून केसच्या मागे आले. मी खणातले खिळे उगाच वर-खाली करू लागले.

“तू लिहितेस?”

मी मान हलवली. ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, हे मलाही कळलं नाही. त्यांनी कागद आणि पेन पुढे केलं. मी बराच वेळ कागदाकडे पाहत बसले. एक अक्षर उमटेना. कागदाला ओळ कुठे संपवायची ते कळत नाही. स्टिकला कळतं.

“काय झालं वं?” काकांनी विचारलं.

“कागदावर नाही जमत, काका. खिळ्यांत देते.”

“पण मला आधी वाचायला हवं,” साहेब म्हणाले.

“प्रूफ काढून देतो ना. नाही आवडलं तर इंदूच सोडून टाकीन. काय वं?”

मी हो म्हटलं. म्हणजे गोष्ट पसंत पडली नाही, तर मीच ती माझ्या हाताने मोडायची. एका प्रूफाखेरीज दुसरी नक्कल कुठेच नसणार होती.

मी जुळवायला लागले. आमच्या मोहल्ल्यात नळावर बाई नसली तरी तिची बादली रांगेत असते. इतर बाया ती पुढे सरकवतात. माझ्या गोष्टीतली रखमा एका पहाटे कायमची माहेरी निघून जाते, पण बादली रांगेतच राहते. बाया ती रोज सरकवतात, भरूनही ठेवतात. नवरा उशिरा उठून भरलेली बादली उचलून नेतो, रिकामी करून परत नळावर ठेवतो आणि समजतो, बायको रागावून शेजारी कुठे तरी बसली आहे. मग एक दिवस बाया ठरवतात, बस झालं. त्या दिवशी त्याला बादली रिकामी सापडते, रांगेच्या अगदी शेवटी. तो बायांच्या मागे उभा राहतो. गोष्ट संपली.

प्रूफ निघालं. साहेबांनी उभ्याउभ्याच वाचलं. एकदा हसले. शेवटी आले आणि थांबले.

“चांगलं आहे. फक्त शेवट बदल. दिवाळीचा अंक आहे, रखमाला परत आण. चार ओळींचं काम.”

चार ओळींचंच काम होतं. तेवढं केलं तर गोष्ट छापली जाणार होती. मशीनमन घड्याळाकडे पाहत होता. काका माझ्याकडे.

“ती येत नाही,” मी म्हटलं.

“म्हणजे?”

“ती आली तर बादली तीच भरीन. मग बाया कशाले पाहिजेत? गोष्ट त्यांचीच आहे.”

एवढं लांब वाक्य मी छापखान्यात कधी बोलले नव्हते. साहेबांनी प्रूफातल्या शेवटच्या ओळींवर बोट ठेवलं. तेव्हा मी खिळे ओले करायचं पाणी घेतलं आणि गॅलीकडे वळले. मला राग आला नव्हता. शेवट बदलून ठेवण्यापेक्षा सगळे खिळे आपापल्या खणात गेलेले बरे, असं मला मनापासून वाटलं.

“काहून वं, काय करून राहिली?” काका ओरडले.

“सोडून राहिली.”

“थांब, थांब बाई!” साहेबांनी गॅलीवर हात ठेवला. तळहात काळा झाला. त्यांनी प्रूफ पुन्हा वाचलं, या वेळी खालून वर. मग मशीनमनला म्हणाले, “चढव गा.” आणि मला, “नाव काय टाकायचं? ‘एक गृहिणी’ टाकू?”

“मी घरी कुठं असते?” मी म्हटलं.

काका असे हसले की मशीनमनही हसला. मी केसकडे गेले आणि माझं नाव जुळवलं. आजवर दुसऱ्यांची नावं किती जुळवली होती. स्वतःचं पहिल्यांदाच. उलटंच दिसत होतं, पण मला वाचता येत होतं.

पुढच्या अंकाच्या वेळी साहेब पुन्हा केसच्या मागे आले, गोष्ट मागायला. आजही त्यांच्यासारखे कोणी ना कोणी येतात. कागद कोणी पुढे करत नाही.

त्या पहिल्या गोष्टीचा फर्मा छापून उतरला, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी ती गोष्ट सोडली. रखमा, बादली, नळ, माझं नाव, सगळं खणात गेलं. दुपारी त्याच खिळ्यांतून वखारवाल्या धाकट्या भावाची नवी पत्रिका जुळवली, स्वतःच्या वेगळ्या दुकानाच्या उद्घाटनाची. वाईट वाटलं नाही. खिळे मोजकेच असतात. जुनी गोष्ट सोडल्याशिवाय नवी जुळवता येत नाही.