करंगळीवरचा धागा

माझी पत्नी विणकाम शिकली ती इंदापुरात. मी कालव्याच्या कचेरीत नोकरीला होतो आणि माझी पहिली बदली तिथे झाली होती. शेजारी एक अधिकारी राहत. त्यांच्या पत्नी मिशनच्या शाळेत शिकलेल्या होत्या आणि दुपारी ओट्यावर बसून लोकर विणत. १९३० नंतरच्या त्या पहिल्या काही वर्षांत आमच्या भागातल्या बायका शिवण करत, गोधड्या शिवत, पण दोन सुयांवरचे विणकाम फारसे कुणाला येत नसे. पत्नी आधी नुसती बघायला म्हणून गेली आणि मग रोज जाऊ लागली.

त्या बाईंनी तिला धागा असा धरायला शिकवला. लोकर उजव्या हातात घ्यायची. करंगळीला एक वेढा द्यायचा, मधल्या दोन बोटांखालून धागा काढायचा आणि तर्जनीवरून सोडायचा. टाका घालताना तर्जनी पुढे येऊन धागा सुईभोवती फिरवते. बघणाऱ्याला तर्जनीचे काम दिसते, पण टाका घट्ट होणार की सैल हे करंगळी ठरवते. तिच्या वेढ्यातून किती धागा सुटतो यावर सगळी वीण अवलंबून असते. मला हे लगेच पटले, कारण कालव्याच्या दारातून किती पाणी सुटते ते मोजणे हेच माझे काम होते. दार बोटभर जास्त उचलले गेले तर खाली निरवांगीकडच्या शेतात फरक पडतो. मी तसे पत्नीला म्हटलेही.

"तुम्हाला सगळीकडे दारंच दिसतात," ती म्हणाली.

तिचा हात लवकरच बसला. मी फूटपट्टी घेऊन तिच्या विणीतले टाके मोजत असे. एका इंचात सहा टाके. वर मोजा, खाली मोजा, मधे मोजा, सहाच. ती चिडे, पण पट्टी ठेवायला जागा करून देई.

पुढे माझी बदली बारामतीला झाली. आमची मुलगी तेव्हा पाचव्या वर्षात होती आणि तिच्यासाठी पत्नीने तपकिरी लोकरीचा स्वेटर विणायचा ठरवला. पाठ आधी विणून झाली. पुढचा भाग सुयांवर चढला तेव्हा माझी थोरली वहिनी पुण्याहून आमच्याकडे राहायला आली. भाऊ नोकरीनिमित्त सतत फिरतीवर असायचा आणि तिला पुण्यात एकटे राहायचा कंटाळा आला होता.

वहिनीलाही विणता येत होते, पण तिची रीत वेगळी होती. ती लोकर डाव्या हाताच्या तर्जनीवर ताणून धरी आणि उजव्या सुईच्या टोकाने धागा आत ओढून घेई. तिचा हात जवळजवळ हलतच नसे. पहिल्याच दुपारी दोघींची जुंपली.

"अगं, विणतेस की विहिरीचं पाणी शेंदतेस?" वहिनी म्हणाली. "दर टाक्याला एवढा हात फिरवायचा?"

"आणि तुमचं काय, जाऊबाई? कोंबडी दाणे टिपतेय असं वाटतं."

"टिपते, पण तिचं पोट भरतं. आमच्या शेजारी गोव्याची एक बाई आहे. ती तर धागा मानेमागून घेते आणि छातीवर अंगठ्याने सोडते."

"गळ्याभोवती? स्वेटर करायचा की फास लावून घ्यायचा?"

दोघी खूप हसल्या. मुलगी काही न कळता त्यांच्याबरोबर हसली.

पुढचा भाग अर्धा झाला तेव्हा मी सवयीने तो पाठीवर ठेवून पाहिला. सुया त्याच, लोकर त्याच गुंड्यांची, टाकेही तेवढेच. पण पुढचा भाग पाठीपेक्षा दोन बोटे रुंद भरत होता. पट्टी लावली. खालच्या काठाशी इंचात सहा टाके होते, त्याच्या वर साडेपाच आणि सुईजवळ जेमतेम पाच. एखादी ओळ चुकली असती तर रुंदी एकदम बदलली असती. इथे ती ओळीमागून ओळ वाढत गेली होती.

पत्नी गोंधळली. "मी तर होतं तसंच विणतेय," ती म्हणाली. "उलट हल्ली हात जास्त आवळून धरते. बोटं दुखून येतात."

ज्याने त्याने आपापले कारण काढले. मी म्हटले, लोकर मधेच जाड निघाली असेल. पत्नी म्हणाली, थंडीने बोटे आखडत असतील. वहिनीला मात्र शंकाच नव्हती.

"रीतच चुकीची. करंगळीसारख्या मरतुकड्या बोटावर भरवसा ठेवलात तर असंच व्हायचं. घे इकडे. डाव्या हातात धर."

पत्नीने अर्धा भाग उसवला आणि वहिनीच्या रीतीने विणायला घेतला. पहिल्या ओळी वेड्यावाकड्या झाल्या, पण आठवड्याच्या आत हात सरावला. मी पट्टी लावली. इंचात सहा. वर मोजले, खाली मोजले, सहाच. वहिनीने त्या दिवशी मला शिरा करून खायला घातला आणि म्हणाली, "भावजी, आता तुमच्या कालव्यावरही मलाच नेमा."

घरात सगळे खूश होते. मला मात्र ते आकडे आवडले नाहीत. इतकी वर्षे मुरलेल्या हाताची वीण बिघडते आणि कालपरवा शिकलेल्या हाताची बिनचूक येते, याचा हिशेब मला लागेना. रीत वाईट असती तर ती पहिल्या दिवसापासून वाईट असती. मग बदलले होते ते काय? मी कुणाजवळ बोललो नाही, पण पत्नी भाकरी थापताना, केस विंचरताना माझी नजर तिच्या उजव्या हाताकडे जाऊ लागली. करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट किंचित आत वळलेले असे. पूर्वीही असेच असायचे का, ते मला आठवेना.

आमच्याकडे भाजी घेऊन एक बाई येई. ती मूळची शेळगावची, बारामतीत दिलेली. माहेरी पूर्वी मेंढरे होती, आता सासरी कालव्याच्या पाण्यावर वांगी आणि मिरच्या. ती तोंडाची फटकळ होती आणि पत्नीला आवडत असे. त्या सकाळी पत्नी विणकाम मांडीवर घेऊनच भाजी निवडत होती.

"वैनी, आमी लोकर चातीवर कातली, घोंगडं पांघारलं, पर असलं काय कुणी घातलं न्हाय बगा."

"तुला करून देऊ एक?"

"नगं बया. धनी वळखायचा न्हाय, दारातनंच हाकलंल." ती हसता हसता थांबली आणि पत्नीचा हात धरून उजेडाकडे वळवला. "आवं, ह्ये काय? केवढा फोड आलाय. कशानं भाजलं?"

पत्नीने हात उलटा करून पाहिला. करंगळीच्या बाहेरच्या अंगाला तळहातापर्यंत पाण्याने भरलेला टंच फोड होता.

"अगंबाई! कधी झालं हे?"

"म्या कसं सांगू? हात तुमचा हाय."

वहिनी आतून म्हणाली, "तव्याला लागला असेल. हिचं लक्ष कुठं असतं?" भाजीवाली टोपली उचलून निघाली, पण जाताना तिने एकदा मागे वळून पाहिले. ते हसणे आता तिच्या तोंडावर नव्हते.

मी कचेरीत गेलो नाही. पत्नीला म्हटले, "मला एक पाहायचं आहे. जुन्या रीतीने, उजव्या हातात धागा घेऊन दोन ओळी विणून दाखव."

"आता पुन्हा ते कशाला?"

"दाखव तर खरं."

तिने करंगळीला वेढा दिला, धागा दोन बोटांखालून काढून तर्जनीवर सोडला आणि विणू लागली. मुलगी जवळ खेळत होती, तिच्याशी बोलत बोलत पत्नी विणत होती. चार-सहा टाक्यांनंतर करंगळीवरचा वेढा सुटला. धागा घसरून तिच्या मांडीवर पडला. तिला ते कळले नाही. वाकडी करंगळी रिकामीच आवळून धरून ती विणत राहिली आणि तर्जनीला सैल धागा मिळत राहिला. ओळ संपली. दुसरी सुरू झाली.

"धागा कुठे आहे?" मी विचारले.

"हा काय, करंगळीवर," ती म्हणाली आणि मग तिने खाली पाहिले.

मी तिच्या चोळीची बाही वर सारली. दंडाच्या मागच्या बाजूला एक फिकट डाग होता. तो तिला दिसत नव्हता. वहिनीने बाहेर येऊन पाहिला आणि बाही खाली ओढली. तिघांपैकी कुणीच त्या रोगाचे नाव घेतले नाही. त्या काळी ते नाव घराबाहेर गेले की पाणवठा बंद होई, कामाची बाई यायची थांबे, आणि पुढे मुलीचे लग्नही अडे.

दुसऱ्या दिवशी मुलीला वहिनीजवळ ठेवून आम्ही छोट्या रुळांच्या आगगाडीने दौंडला आणि तिथून पुण्याला गेलो. डॉक्टर वयस्कर होते, घाई न करणारे. त्यांनी पत्नीला डोळे मिटायला सांगितले. "मी कापसाच्या बोळ्याने स्पर्श करीन. जिथे लागेल तिथे बोट ठेवायचं."

डाव्या हातावर तिचे बोट दर वेळी अचूक जागी पडले. मग डॉक्टरांनी उजवा हात घेतला. मनगटाच्या बाहेरच्या अंगाला बोळा टेकवला, करंगळीवर टेकवला, मग शेजारच्या बोटावर. दंडावरच्या डागात तर दोनदा. पत्नी डोळे मिटून, बोट वर धरून बसली होती.

"सुरू करताय ना, डॉक्टर?" तिने विचारले.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले आणि बोळा खाली ठेवला. त्यांनी तिच्या कोपराच्या आतली शीर चाचपली, मला हात लावून पाहायला सांगितली. ती दोरीसारखी जाड लागत होती. मग त्यांनी हलक्या आवाजात सांगितले की हा महारोग आहे. लवकर सापडला आहे, कडू कवठाच्या तेलाच्या सुया टोचून घ्याव्या लागतील, या प्रकारात लागण कमी होते, पण लहान मुलाला जवळ ठेवू नये.

"तिला आधीच लागलं असेल तर?" पत्नीने विचारले. स्वतःबद्दल तिने एकही प्रश्न केला नव्हता.

"आज सांगता येणार नाही. कधी कधी फार वर्षांनी दिसतं. तिला उन्हात उभी करून अंग पाहत जा. डाग दिसला किंवा कुठे स्पर्श कळेनासा झाला, तर लगेच घेऊन या."

परत येताना गाडीत ती माझ्यासमोरच्या बाकावर बसली. जागा माझ्या शेजारीही होती. ती वाटेत बोलली ते एवढेच. "माझ्याच कुशीत झोपते हो ती. रोज."

घरी पोहोचलो तेव्हा मुलगी धावत आली. पत्नीने दोन्ही हात पदराखाली घेतले आणि ती भिंतीला टेकली. मुलगी तिच्या गुडघ्यांना मिठी मारणार तोच मी तिला उचलले. तिला वाटले मी खेळतो आहे. वहिनी दारातच होती. तिने आमची तोंडे पाहिली.

"हिला मी पुण्याला नेते," ती म्हणाली. "शाळेसाठी नेली असं सांगू."

 पत्नी म्हणाली, "न्या. उद्याच न्या."

मुलगी गेली. शेजारीपाजारी आम्ही शाळेचेच सांगितले आणि ते कुणाला पटले की नाही, ते आम्ही विचारायला गेलो नाही. भाजीवाली येत राहिली, पण टोपली आता उंबऱ्याबाहेर ठेवी. पत्नीला तेलाच्या सुया टोचणे सुरू झाले. हाताचा विकार वाढला नाही, कमीही झाला नाही.

मी पुण्याला जाऊन येई. दर वेळी सकाळी ऊन आले की मुलीला गच्चीवर नेत असे. वहिनी जिन्याशी उभी राही. मी मुलीची पाठ, दंड, पोटऱ्या पाहून घेई. मग तिला डोळे मिटायला सांगून कापूस लावी. तिला तो खेळ फार आवडे. ती बोट ठेवी, हसे आणि म्हणे, "अजून, अजून लावा." मी लावत राही. तिच्या बोटाला क्षणभर उशीर झाला की मी तीच जागा पुन्हा पाही.

बारामतीला परतलो की पत्नी मला पाणी देण्याआधी विचारी.

"सगळीकडे बोट ठेवलं तिनं?"

"ठेवलं."

"लगेच?"

"लगेच," मी म्हणे. ती माझ्या तोंडाकडे बघत राही आणि मी पाण्याचा तांब्या उचलून घेई.