न विचारता कमी केलेली नावं

“मॅडम, माझा फॉर्म नामंजूर आलाय.”

सारिका कॉलेजच्या ऑफिसात माझ्या टेबलासमोर मोबाइल धरून उभी होती. बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला नुकताच प्रवेश घेतलेली, आष्टीपासून आत असलेल्या एका वाडीवरची मुलगी. ॲडमिशनची गर्दी होती, मला जेवायलाही उठता आलं नव्हतं, आणि माझा पारा आधीच चढलेला होता.

“कागद अर्धे लावता आणि मग इथं येता,” मी म्हणाले. “उत्पन्नाचा दाखला जुना असेल.”

“न्हाई मॅडम. दुसरंच काहीतरी लिवलंय.”

मी शिष्यवृत्तीचं पोर्टल उघडलं. कारणाच्या रकान्यात होतं, ‘मागील वर्षी प्रवेश रद्द, त्याच वर्गात पुनर्प्रवेश.’ तो प्रवेश मीच रद्द केला होता.

वाचकांना हे जरा सोपं करून सांगते. शिष्यवृत्तीचा फॉर्म पहिल्या वर्षी नव्याने भरतात. पुढच्या वर्षांना फक्त रिन्यूअल करायचं असतं. अट एवढीच की मध्ये कॉलेज सुटलेलं नसावं. नाव कमी होऊन त्याच वर्गात पुन्हा आलं, की पोर्टल समजतं हा विद्यार्थी वर्ष रिपीट करतोय, आणि रिपीटरला शिष्यवृत्ती मिळत नाही.

मग मी नाव का कमी केलं? आमच्या कॉलेजची ती जुनी रीत होती. दिवाळी झाली की निम्म्या वाड्या ऊसतोडीला जातात, आणि मोठी पोरंही आईबापांबरोबर जातात. नाव पटावर राहिलं तर हजेरी भरत नाही आणि परीक्षेला बसता येत नाही. म्हणून आम्ही दिवाळीनंतर त्यांची नावं कमी करायचो आणि मार्चमध्ये परत घ्यायचो. हजेरी नव्या तारखेपासून मोजली जायची आणि पोरं परीक्षा द्यायची. रजिस्टर माझ्या कपाटात असायचं, ते कोण बघतंय? मला या रिवाजाचा अभिमानसुद्धा होता. पण मागच्या वर्षी आमचा पट पहिल्यांदा ऑनलाइन झाला आणि मी रजिस्टरात मारायची ती रेघ कॉम्प्युटरवर मारली, आणि ती थेट शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर उमटली. करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

“सारिका, तू ऊसाला गेली होतीस म्हणून तुझं नाव कमी केलं होतं,” मी शक्य तितक्या मऊपणे म्हणाले.

“मी?” ती म्हणाली. “मी कुठं गेलते? आई-बाप गेलते. मी आज्जीपशी राहिलते. रोज कॉलेजला येत होते मॅडम. कावून काढलं माझं नाव?”

खरं सांगायचं तर मी कुणाला विचारलंच नव्हतं. त्या वाडीवरची सगळी पोरं जातात, हे मी गृहीत धरलं होतं. वाडीचं नाव बघून एका बैठकीत अकरा नावं कमी केली होती. मला फार लाज वाटली.

“आता काय करणार आहेस?” मी विचारलं.

“चुलता म्हणतो, पूर्ण फी भरायची तर मुकादमाकडून उचल घ्यावी लागंल. उचल घेतली की मला बी जावं लागंल ऊसाला.”

म्हणजे शिकण्यासाठी ऊसतोडीच्या मजुरीची आगाऊ उचल घ्यायची आणि उचल घेतली म्हणून शिक्षण सोडायचं.

मी केमिस्ट्रीच्या सरांकडे गेले. त्यांचं हजेरीचं मस्टर वेगळं असतं, आणि नशिबाने ते अजून कागदावरच होतं. सारिका वर्षभर हजर होती. प्रॅक्टिकलच्या जर्नलवर दर आठवड्याची तारीख आणि सरांची सही होती. मग मी इतर विषयांची मस्टरं मागवून उरलेली दहा नावंही तपासली. त्यातली आणखी तिघं वर्षभर हजर निघाली. बाकीची सात खरोखर गेली होती.

ही चार नावं चुकून कमी झाल्याचं माझं पत्र प्राचार्यांनी दोनदा वाचलं.

“‘कार्यालयाच्या चुकीने’ असं लिहिलंय तुम्ही.”

“हो सर. माझ्या चुकीने.”

“कशाला हात दाखवून अवलक्षण? उद्या चौकशी लागली तर?”

“लागू द्या. पोरीचं वर्ष जाण्यापेक्षा मला मेमो आलेला परवडला.”

त्यांनी सही केली, पण पेनाचं टोपण लावेपर्यंत माझ्याकडे पाहिलं नाही.

बीडच्या शिष्यवृत्तीच्या ऑफिसातले साहेब नियमावर बोट ठेवून बसणारे निघाले. “कॉलेजच्या लॉगिनमधून रद्द झालंय, म्हणजे विद्यार्थ्याने कॉलेज सोडलं असंच आम्ही धरतो.”

“साहेब, तिने काही सोडलं नाही. तिला माहीतही नव्हतं. ही मस्टरं बघा.”

त्यांनी जर्नलची पानं एकेक करून उलटली. “हे चार अर्ज परत पाठवतो, दुरुस्ती करून घ्या. पण ती सात पोरं खरंच गेली होती, त्यांचं काही करता येणार नाही.”

मी त्या सातांसाठी बरंच भांडले, पण उपयोग झाला नाही.

दिवाळीनंतर सारिकाचा अर्ज मंजूर झाला. ती पेढे घेऊन आली, आणि माझ्या चुकीचे पेढे मला खाववेनात. दोन मुलगे होते, त्यांचेही मंजूर झाले. चौथी मनीषा होती. तिचा मोबाइल बंद लागायचा. शेवटी तिच्या चुलतीकडून नवा नंबर मिळाला.

“मनीषा, तुझी शिष्यवृत्ती मंजूर झाली. कॉलेजला ये.”

मागून ट्रॅक्टरचा आणि माणसांचा आवाज येत होता.

“मॅडम, आता काय उपेग? दिवाळीआधी लगीन झालं माझं. नवरा-बायकोच्या जोडीची उचल घेतलीया. आमी ऊसाच्या फडात हाव.”

“अगं, पण फॉर्म नामंजूर झाला तेव्हा विचारायला का नाही आलीस?”

“तुमीच नाव काढलंय म्हनल्यावर मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं असंल.”

मला मेमो आला, तो सर्व्हिस बुकात लागला. त्याचं मला फारसं काही वाटलं नाही. या दिवाळीला मी एकेका विद्यार्थ्याला फोन करून जाणार की राहणार हे विचारलं. दोन दुपारी गेल्या, बाकी काही लागलं नाही. ही अक्कल मला नोकरीच्या शेवटच्या वर्षी आली, आणि तिची फी मनीषाने भरली.