पहिलं शील

आमच्या विहारात तरुण मुलं वाद घालतात: बौद्धाने पुनर्जन्म मानावा की नाही, आणि मानला नाही तर शील पाळायचं कशासाठी? वाद रंगला की मी चहाचं बघायला उठते. आमच्या घरात हा प्रश्न एकदाच निघाला, आणि तो पुस्तकातून आला नव्हता.

बांगलादेशच्या लढाईचा हिवाळा होता. आम्ही जबलपूरला कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. माझे सासरे, म्हणजे मामाजी, तोफगोळ्यांत बारूद भरायच्या सेक्शनला होते. ओव्हरटाइम रोजचाच. ब्लॅकआउटमुळे रविवारची वंदना विहाराऐवजी आमच्या पुढच्या खोलीत व्हायची, खिडक्यांना काळा कागद लावून. मामाजी एकेक ओळ सांगायचे, बाकीचे त्यांच्यामागून म्हणायचे.

त्या रविवारी त्यांनी त्रिसरण म्हटलं आणि पंचशीलातल्या एकदम दुसऱ्या शीलावर आले, चोरी न करण्याच्या. पहिलं, जीवहत्या न करण्याचं, राहूनच गेलं. मी बाळाला मांडीवर घेऊन दाराशी बसले होते. थकव्याने विसरले असतील असं वाटून मी मोठ्याने सुरुवात करून दिली, "पाणातिपाता वेरमणी..." सगळ्यांनी माझ्यामागून म्हटलं. मामाजी खाली बघत राहिले.

लोक गेल्यावर जेवायला बसलो.

"काहून हो, विसरले काय?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही. दिवसभर भरून राहिलो ते काय लाडू आहेत?"

माझा नवरा म्हणाला, "बाबा, गोळे नसले तर तिकडे आपलीच पोरं मरतील ना."

"समजते मला. म्हणून तर उद्या सातच्या भोंग्याला जाणार आहे."

शेजारच्या अमरावतीकडच्या वैनी चटणी द्यायला आल्या होत्या. त्या देवधर्म करणाऱ्या, आणि जिभेच्या मोकळ्या. "भाऊजी, चलो, ग्वारीघाटला नर्मदेत एक डुबकी मारून या. नाही फिटलं तर पुढच्या जन्मी फेडा. आमच्यात कशी सोय आहे!"

सगळे हसले. सासूबाई म्हणाल्या, "आमच्यात तर पुढचा जन्मच नाही. मग भीती कशाची? विचारणार कोण आहे?"

मामाजी हसले नाहीत. "पुढचा जन्म असता तर बरं होतं. तिकडे ढकलून दिलं असतं आणि आज मजेत म्हटलं असतं. तो नाही, म्हणून माझं मलाच विचारावं लागते." भाकरीचा तुकडा हातातच होता. "पहिलं म्हटलं की माझं चौथं मोडते."

चौथं शील खोटं न बोलण्याचं. वैनी वाटी घेऊन उठल्या.

मग मामाजी माझ्याकडे वळले. "पुढच्या रविवारपासून तू सांगत जा. तुझे हात साफ आहेत."

मी हो म्हटलं. कुणीतरी सांगायलाच हवं होतं. पण साफ कसले? बाळाच्या वाटीतलं जास्तीचं दूध त्याच ओव्हरटाइमचं, माझ्या अंगातलं स्वेटरही त्याचंच. लढाई चालू राहावी असं मला कधी वाटलं नाही. ओव्हरटाइम चालू राहावा असं मात्र वाटायचं, आणि दोन्ही एकच आहेत हे मला कळत होतं. पहिलं शील मी घाईने म्हणायची, कडू औषध गिळावं तसं.

लढाई संपली, काळे कागद निघाले, वंदना पुन्हा विहारात गेली. बारूद भरणं चालूच राहिलं. मामाजी दर रविवारी रांगेत बसायचे. पहिल्या शीलाला ओठ बंद, दुसऱ्यापासून सगळ्यांबरोबर.

काही वर्षांनी ते रिटायर झाले. माझा नवरा तोवर रेल्वेत टेंपररी होता. कारखान्यात जागा निघाल्या तेव्हा अर्ज करायला मीच त्याच्या मागे लागले. लागला, आणि सेक्शन मिळाला तो वडिलांचाच. पेढेही मीच वाटले.

त्या रविवारी मी त्रिसरण म्हटलं आणि पुढचा शब्द बाहेर येईना. लोक वाट बघत होते. मागून मामाजींचा घोगरा आवाज आला, "पाणातिपाता वेरमणी..." सगळ्यांनी म्हटलं, माझ्या नवऱ्याने तर खणखणीत. मी गप्प होते. दुसऱ्यापासून मी पुढे सुरू केलं.

बाहेर पडल्यावर नवऱ्याने विचारलं, "काहून, विसरली काय?"

"बाजारात पनागरहून आलेली ताजी भाजी संपून जाईल," मी म्हटलं. "चल, पाय उचल."