रुमालाखालचा हात

ती चौकशी अजून मनातून जात नाही. तिच्यातली गाठ ज्यांनी सोडवली, ते आमचे माणदेशी हवालदार गेल्या महिन्यात वारले. म्हणून लिहून ठेवतो.

मी तेव्हा सांगली जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. कुंडलकडच्या एका टेलरचाचांनी फिर्याद दिली. मुलीच्या नर्सिंगच्या फीचे पैसे त्यांनी एका आभासी चलनात घातले आणि भाव कोसळला. भरवसा होता तो ऊसशेतीचे व्हिडिओ करणाऱ्या एका तरुणावर. तो व्हिडिओत सांगायचा, "ह्या चलनात कुणाकडं किती हाय, कुणाला दिसत न्हाई. मी सोता घेतलंय. माझं खातं मीच काळ्या यादीत घातलंय, आता मला इकताच येणार न्हाई."

दोन दिवसांनी निनावी फोन आला. "त्या व्हिडिओवाल्याचं खातं उघडून बघा," एवढंच. फोन कुणाचा, ते शेवटपर्यंत कळले नाही.

बोलावल्याबरोबर तरुण आला, मोबाईलवर विक्री बंद केलेल्या खात्यांची ती यादी दाखवली. खाते खरेच त्यात होते. इतका तयार पुरावा मला खटकला. निर्दोष माणूस सहसा आधी गोंधळतो. पण आतली शिल्लक सायबर शाखेलाही दिसत नव्हती.

जबाब लिहिता लिहिता हवालदारांनी विचारले, "कवा घेतलं रं?"

"दिवाळीच्या आदी मिळालं."

हवालदारांचे पेन थांबले. "मिळालं? व्हिडिओत तर घेतलं म्हणतूस."

त्याने मोबाईलवरची यादी पुन्हा पुढे केली.

"गड्या, कुलूप लय झ्याक दावलंस. आता घर दाव."

पंचांसमोर त्याने खाते उघडले. रिकामे होते. त्याच मोबाईलमध्ये दुसरे खाते निघाले; जाहिरातीचा मोबदला म्हणून मिळालेले चलन त्यात आले होते आणि भाव चढा असतानाच त्याने विकले होते.

"ह्ये चलनच यवहार लपवायसाठी केलेलं हाय, त्यात माझं काय चुकलं?" तो म्हणाला.

"आमच्याकडं मेंढरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं धरून भाव ठरतो," हवालदार म्हणाले. "भाव कुणाला कळत न्हाई. पर दलाल कुणाचा, ते समद्या बाजाराला ठावं असतं."

दोषारोपपत्र गेले. मुलीचे वर्ष मात्र बुडाले. चाचा म्हणाले, "सायेब, पैसं घिऊन बोलतोय एवढं म्हणला असता, तर मी आनखी कुणाला तरी इचारलं असतं."

स्वतःचा व्यवहार झाकणाऱ्यावर मी आता लगेच संशय घेत नाही. न मागता कुलूप दाखवणाऱ्यावर घेतो.

हवालदारांनी लिहिलेल्या जबाबांची भाषा शुद्ध करायची मला खोड होती. त्या जबाबातही 'मिळालं' खोडून 'खरेदी केले' लिहायला मी पेन टेकवले होते. त्यांनी कागदावर हात ठेवला. "सायेब, एवढा शबुद ऱ्हाऊ द्या."