काचेला चिकटलेला कारागीर

“सर, खींचिए मत!” मी इतक्या जोरात ओरडले की जोसेफसाहेबांच्या हातातला चाकू टेबलावर पडला.

जोसेफसाहेब आमचे मॅनेजर. कुवेतमधल्या शुवैखच्या वर्कशॉपमध्ये आम्ही चित्रांना फ्रेम करून द्यायचो. नव्वदच्या दशकाचा शेवट असेल. टेबलावर आमचे गिऱ्हाईक अबू बदर यांच्या मालकीचं एक जुनं एचिंग होतं, म्हणजे पत्र्यावर कोरून छापलेलं चित्र, काचेला घट्ट चिकटलेलं. साहेब ते चाकूने सोडवायला निघाले होते.

अबू बदर समोरच बसले होते. तरुणपणी ते खजूर घेऊन जहाजाने मुंबईला जायचे, त्यामुळे हिंदी झकास बोलायचे. त्यांच्या दिवाणियात, म्हणजे पुरुषांच्या बैठकीत, एकोणिसाव्या शतकातली एचिंग्ज ओळीने लावलेली होती. सगळी लंडनच्या नदीकाठच्या कामकऱ्यांची. कोळसा उतरवणारे हमाल, पिंपं बनवणारे, दोर वळणारे. चिकटलेल्या चित्रात एक म्हातारा पाणी शिरू नये म्हणून होडीच्या फळ्यांच्या फटीत कापूस ठोकत होता.

“मेरा बाप यही काम करता था, बेटी. इधर, समुंदर पे,” अबू बदर म्हणाले. “उसका फोटो नहीं है. यही फोटो समझो.”



झालं होतं असं, की उन्हाळ्यात त्यांच्या घरचे सगळे परदेशी गेले आणि राखणदाराने काटकसर म्हणून एसी बंद केला. समुद्राची दमट हवा घरात शिरली. जुन्या फ्रेममध्ये माउंट नव्हता. माउंट म्हणजे चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट, तिच्यामुळे कागद काचेपासून लांब राहतो. कागद फुगला, काचेला टेकला आणि चिकटला, नेमका म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर. कोरडा ओढला असता तर चेहरा काचेवरच राहिला असता.

“पानी में डाल देते हैं,” मी म्हणाले.

“मॅडम, आप पागल हो क्या? पानी से ही तो खराब हुआ!”

साहेबांचं चुकत नव्हतं, पण मी मुंबईच्या आर्ट कॉलेजात एचिंग शिकले होते. तांब्याच्या पत्र्यावर मेण लावायचं, सुईने चित्र ओरखडायचं, पत्रा अ‍ॅसिडमध्ये बुडवायचा. ओरखडे खोल होतात, त्यांत तेलाची शाई भरायची आणि वर कागद ठेवून प्रेसमधून काढायचा. तो कागद आधी पाण्यात भिजवावाच लागतो, नाहीतर शाई उचलत नाही. म्हणजे हा कागद जन्माआधीच अंघोळ करून आलेला!

हे मी अबू बदरना हिंदीत समजावलं. मग समासावरच्या सहीला ओला कापूस टेकवला. कापूस पांढराच राहिला, म्हणजे सही पाण्याने सुटत नव्हती.

“और अगर गया तो?” त्यांनी विचारलं.

“तो मैं ये काम छोड़ दूँगी.” बोलून गेले आणि मनातून हादरले. नवऱ्याला काय सांगणार होते, देव जाणे.

त्यांनी चित्र माझ्याकडे सरकवलं. मग म्हणाले, “डालो.”

ट्रेमध्ये डिस्टिल्ड वॉटर घेतलं आणि काचेसकट चित्र आत सोडलं. साहेब बाहेर निघून गेले, त्यांना बघवेना. पाणी चहासारखं पिवळं झालं. अबू बदर पुटपुटत प्रार्थना करत होते. मी नुसती थांबून राहिले, कारण या कामात घाई करणारा संपलाच. हळूहळू एक कडा हलली, मग दुसरी. मी खाली प्लास्टिकची शीट सरकवली आणि कागद अलगद उचलला. काच स्वच्छ होती. म्हाताऱ्याचा चेहरा कागदावर होता, सुरकुती न् सुरकुती, आणि शंभर वर्षांची घाण निघून गेल्यामुळे पहिल्यापेक्षा उजळ!

“अल्लाह!” अबू बदर उभेच राहिले. “इसका तो दाँत भी दिखता है!”

मी चक्क टाळ्या वाजवल्या, ओल्या हातांनी. साहेब धावत आत आले.

पुढच्याच आठवड्यात बाकीची सगळी एचिंग्ज नव्या माउंटसाठी माझ्या टेबलावर आली. जोसेफसाहेब प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगू लागले, “हमारे यहाँ पानी का स्पेशल ट्रीटमेंट है.” मी हसून ऐकून घ्यायचे.

वस्तू दुरुस्त करायला घेण्याआधी ती मुळात बनते कशी, हे ठाऊक असावं. शिवाय नोकरी सोडायची भाषा करण्यापूर्वी कापूस टेकवून बघितलेला असावा.